अस्तर

घरी विचारतात, चार वर्षांपासून तू नेमकं काय करून राहिली.
मी सांगते, आतड्यावर.
बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले.
माग विकून सहा वर्षं झाली, खड्डा अजून बुजवला नाही.
म्हणतात, म्हणजे आतल्या अस्तरावर ना?
हो बाबा. एका पेशीच्या जाडीचं अस्तर,
त्यावर चिकट थर,
आणि पलीकडे लगेच रक्त.
ते दोन बोटांनी हवेतला उभा धागा चाचपतात.
अन् वीण सुटली की?
मग मुरडा. मग ताप. मग लाल.

नमुना एक्केचाळीस.
अंतकला हेडाऊ, वय बासष्ट, पाचपावली.
दर सोमवारी सातच्या आत डबी घेऊन हजर.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर रबर, वर पिशवी, पिशवीला गाठ,
परगावच्या लेकीला द्यावा तशी.
ती लाजायची नाही. मीच लाजायचे.
फॉर्मवर विचारावं लागे, काल काय खाल्लं?
ज्वारीची आंबील. जवसाची चटणी. आंबाडी.
अन् रविवारी सावजी रस्सा, पण ते नको लिहू वं,
डॉक्टरनं बंद सांगतलं हाय.
मी लिहिलं.
न लिहून काय, रस्सा आलेखात दिसायचाच.

एकदा तिला म्हटलं, मावशी, तुमच्या पोटात
अख्ख्या नागपुरात माणसं नसतील तेवढे जीव राहतात.
तिनं पदर तोंडाला लावला.
फुकटचे किरायेदार वं?
फुकट नाही. तुम्ही आंबील पाजता,
ते बदल्यात एक आम्ल देतात,
खवट लोण्याच्या वासाचं.
भिंत त्याच्यावरच जगते.
आणि आंबील बंद झाली
तर उपाशी राहून ते भिंतीचा गिलावा खातात.
ती बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिली.
मग म्हणाली,
माह्या लहान्यानंबी तसंच केलं.

मार्चमध्ये तिला ताप, मग गोळ्या,
मग आणखी मोठ्या गोळ्या.
एप्रिलच्या सोमवारी तिची खुर्ची रिकामी.
तेराव्याला मी गेले नाही.
काय म्हणून जाणार होते?

मे. सत्तेचाळीस अंशांचा दिवस उलटून
रात्री दीडला वॉचमन ताराचंदचा फोन,
मॅडम, तुमचं कपाट रडून राहिलं.
उणे ऐंशीचा फ्रीजर उणे एकवीसवर.
थर्माकोलचा खोका, सुका बर्फ, स्कूटी.
सेमिनरी हिल्सला, जनावरांच्या कॉलेजात,
मैत्रिणीनं अर्धा कप्पा रिकामा करून ठेवलेला,
डुकरांच्या लशींशेजारी.
चढावर नाका. टॉर्च.
काय आहे खोक्यात?
संशोधन.
उघडा.
पांढरा धूर उसळला, हवालदार दोन पावलं मागे.
काय आहे हे?
एकशे बारा जणांची विष्ठा, मी म्हटलं,
मग सोप्या मराठीत म्हटलं.
त्यानं टॉर्च विझवला. उगाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.
गॅसवर काही हाय का हो तुमच्याकडं?
रात्रपाळीत लय त्रास होते.

सगळं वाचलं नाही.
एक्केचाळीसची एकच कुपी धड.

हवेचा एक श्वास लागला तरी मरणारी ही जात,
म्हणून काचेच्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून,
कोपरापर्यंत आत जाऊन काम करायचं.
दिसत नाही नीट. बोटांना समजतं.
तिसऱ्या दिवशी ताटलीवर खसखशीएवढे ठिपके उठले,
पिवळट, ओलसर.
ती नाही, आणि तिचे किरायेदार
भाडं द्यायला तयार बसलेले.

घरून ज्वारी आणली. जाडी दळली,
कोंडा चाळला, उकळला, गाळला,
त्यांच्या पाण्यात मिसळला.
बोकडे मॅडमनी वही उलटून पाहिली.
प्रोटोकॉलमध्ये ज्वारी कुठे आहे?
नाही मॅडम.
मग?
सवय आहे त्यांना.